हातभर मुळा

"काहून थांबले, गुर्जी? अजून एक वीत खोदा."

हे वाक्य मी दहा हिवाळे ऐकलं आणि दर वेळी हातातली कुदळ फेकून द्यावीशी वाटली. मामा वाफ्याच्या कडेला उकिडवे बसायचे, खड्ड्यात हात घालून बोटं पसरून खोली मोजायचे आणि नाराजीनं मान हलवायचे.

नव्वदच्या दशकात मी पुसेगावच्या शाळेत शिक्षक होतो आणि मामा तिथे शिपाई. आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या, मागचं परस सामाईक. त्या परसात त्यांना पांढरा मुळा पिकवायचा होता. साधासुधा नाही, सरळ आणि हातभर लांब.

जमीन मात्र ऐकत नव्हती. वर चिकट काळी माती, खाली मुरूम. मुळा वीतभर जायचा, मुरमाला टेकायचा आणि त्याला दोन पाय फुटायचे. मामा तो उपटून वर धरायचे. "ह्याला मुळा म्हणतेत? वाळत घातलेली चड्डी हाय ही!" असं म्हणून सरळ शेळीपुढे टाकायचे. एखादा वाचलाच तर माझी बायको त्याची कोशिंबीर करायची, आणि ती झकास लागायची. मामा तिला बोट लावत नसत. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल, स्वतः सुखानं बसत नाही आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही.

एकदा तळहाताला फोड आले तेव्हा मी भडकलो. "मामा, तुम्हाला मुळा लावायचाय की विहीर पाडायचीय?"

ते हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "मामी बाजारचा मुळा खात न्हाई, गुर्जी."

मग एकेक कळत गेलं. पूर्णेकाठी त्यांचं गाळाचं शेत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मामींनी बांधावर बसून तिथला मुळा भाकरीशी खाल्ला. पुढे धरण झालं आणि शेत पाण्याखाली गेलं. तेव्हापासून मामींनी मुळा तोंडाला लावला नव्हता. "आपल्या शेतातला असंल तर द्या," एवढंच म्हणायच्या. आता पाण्याखालच्या शेतातला मुळा कुठून आणायचा? पण मामांनी ते मनावर घेतलं होतं, आणि भोग माझ्या कंबरेला आले होते.

एका साली पावसानं दगा दिला. उन्हाळ्यात धरण आटलं तसे मामा सकाळीच दारात. "गाडी काढा, गुर्जी. शेत उघडं पडलं!"

दोन रिकामी पोती घेऊन आम्ही माझ्या मोपेडवर गेलो. भेगाळलेल्या गाळात तासभर फिरल्यावर मामांना त्यांच्या विहिरीचा कठडा सापडला. तिथे ते खणायला लागले. मूठभर माती नाकाशी धरायची आणि फेकून द्यायची. "ही वाहून आलेली हाय. आपली खाली हाय." हातभर खड्डा झाला, ऊन डोक्यावर आलं, तरी तेच. शेवटी मी ओरडलो, "मामा, माती ती माती! भरा पोती!" त्यांनी भरली. घरी येईपर्यंत मात्र मुठीतली माती हुंगत राहिले.

परसात लांब चर खणून त्यात तो गाळ भरला. पाच-सहाच मुळे मावले. माघात पहिला उपटला तर पांढराशुभ्र, सरळ, हातभर! मी लेकरासारखा ओरडलो. मामांनी तुकडा मोडून बराच वेळ चावला.

"पाणचट हाय. आपली माती न्हवतीच ती. म्हणलं व्हतं तुमाला."

दहा वर्षं खणून वर दोषही माझाच! त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते वाफ्यात दिसले की मी घरात यायचो.

होळीच्या आधी मामा गेले. ताप आला आणि तीन दिवसांत सगळं संपलं. बोलायचं राहूनच गेलं.

तेराव्यानंतर मी मामींना विचारलं, "त्या मुळ्याचं काय झालं हो?"

"त्याच दिवशी घेऊन आले की. ताटात ठिवून म्हणले, खा, आपल्या शेतातला हाय."

"मग?"

"पाणचट व्हता, गुर्जी. पण मी म्हणलं, व्हय, आपलाच हाय. समदा खाल्ला. मंग ते बी लई दिसांनी पोटभर जेवले."

त्या वेळी भिंतीच्या अलीकडे मी अबोला धरून बसलो होतो.