लांब शिट्टीचे दोन अर्थ

मारुतराव शेळके गेले, हे वराळ्याहून आलेल्या पोस्टकार्डानं कळलं. महिना होत आला, तरी त्यांच्याविषयी लिहायला हात धजत नव्हता...

लढाईच्या दिवसांत ते लष्करात संदेश-हवालदार होते आणि मी लोणावळ्याच्या आरमारी छावणीत तेच काम करायचो. डोंगरावरचं आरमार म्हणून ते माझी टिंगल करायचे. मी त्यांना चिखलतुडवे म्हणायचो. आमचं छान जमायचं. आमच्या साहेबांचं मात्र एकमेकांशी मुळीच पटत नसे. वलवणच्या तलावावर दोन्ही दलांचा एकत्र सराव ठरला, तेव्हा आपापल्या खुणांची यादी दुसऱ्याला द्यायची होती. आमचे साहेब म्हणाले, लष्कराला गरज असेल तर मागतील. तिकडचे साहेबही तेच म्हणाले. आमची यादी माझ्या खिशात होती. आदल्या दिवशी मारुतरावांबरोबर चहा प्यायलो आणि ती दिली नाही. खरं सांगतो, मलाही लष्कराची थोडी फजिती बघायची होती.

सरावाच्या सकाळी पाण्यावर दाट धुकं होतं. मारुतराव धरणाच्या भिंतीवर उभे होते. आमची एक होडी वाट चुकून दरवाजांकडे येतेय, हे त्यांनी वल्ह्यांच्या आवाजावरून ओळखलं आणि लांब शिट्टी फुंकली. लष्करात तिचा अर्थ 'थांबा'. आमच्याकडे 'जोरात या'. ते जीव तोडून फुंकत राहिले आणि होडी जोरात येत राहिली... दरवाजांवर आदळून ती उलटली आणि होडीतले दोघे बुडाले. चौकशीत दोन्ही दलांनी एकमेकांवर ढकललं. मी गप्प बसलो.

यंदा श्रावणात ते अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो आणि यादीचं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"त्या दोघांनीच. धुकं पडलं की येत्यात. लय थंडी वाजती त्यांना."

मला ते तापातलं बोलणं वाटलं.

परवा वराळ्याला वहिनींना भेटायला गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं. पडवीत दोन घोंगड्या अंथरलेल्या होत्या. हात लावला तर चिंब ओल्या.

"ह्ये रोज हातरायचे," वहिनी म्हणाल्या. "आरमारातली मान्सं येत्यात म्हनायचे. ह्ये गेल्यावर मी हातरते, पर आता भ्या वाटतं, भाऊ. तुमी घेऊन जाता का?"

मला नाही म्हणता आलं नाही. आज सकाळी लोणावळ्यात धुकं आहे. दोन्ही घोंगड्या मी दाराशी अंथरल्या आहेत.