पैकीच्या पैकी

गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासायचं काम असलं की किस्से शोधावे लागत न्हाईत. आमच्या जीपमध्ये फॉर्म कमी आणि किस्सेच जास्त भरलेत. ऐकणारे हसतात, मीही हसते. पण खरं सांगू, हे काम धरल्यापासून मला लई भीती वाटते. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, पंच्याहत्तरीचे. मागं एकदा निपाणी स्टँडवरून मलाच फोन करून विचारलं, "पोरी, मी कुठं निघालतो गं?" तवापासून प्रत्येक म्हाताऱ्याच्या चेहऱ्यात मला आप्पाच दिसतात.

*

आधी काम सांगते. युनिव्हर्सिटीची ट्रायल आहे. साठीच्या पुढच्यांना रोज चालायला लावायचं, वेळेवर झोपायला सांगायचं आणि सहा महिन्यांनी डोकं आधीपेक्षा बरं चालतंय का बघायचं. सुरुवातीला आणि शेवटी तीस मार्कांची तोंडी परीक्षा. माणसं तीन: बेंगलोरच्या डॉक्टर मॅडम, मनगटाला झोप मोजायचं घड्याळ बांधणारा बसू, आणि प्रश्न विचारणारी मी.

*

गुंजी गावात एका आजोबांना विचारलं, "आज वार कोणता?" त्यांनी मान वळवून आज्जींकडं बघितलं. आज्जी म्हणाल्या, "मंगळवार." महिना? "श्रावण." तोही आज्जींनीच सांगितला.

मी म्हटलं, "आज्जी, जरा आत जाऊन बसा. उत्तरं त्यांनीच द्यायची असतात."

"आत बसते की. पण बाई, पन्नास वर्षं त्यांचं मीच सांगत आलेय. एकटे पडले तर घाबरतील."

आज्जी आत गेल्या आणि आजोबांनी पुढं एक अक्षर काढलं न्हाय. नुसते दाराकडं बघत बसले.

*

नंदगडच्या एका आजोबांच्या घड्याळात आठवडाभर रोज जेमतेम चार तास झोप निघाली. मॅडमचा चेहरा उतरला. "या वयात इतकी कमी? अॅडमिट करावं लागेल." जीप काढली आणि तसेच गेलो.

आजोबा बाहेरच्या सोप्यात पडून मस्त घोरत होते. हाताला घड्याळ न्हाय. हलवून उठवलं तर म्हणाले, "ते व्हय? सुनेला बांधलंय. मी तर जेवलो की झोपतोय. ती कवा झोपतीया, कुणाला ठावं न्हाय. म्हटलं, एकदा बघू दे डॉक्टरला."

सून भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानं घड्याळ सोडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "राहू दे तुझ्याच हातात."

*

आता आमच्या सीमाभागाचा खास किस्सा. परीक्षेत एक प्रश्न आहे, 'आपण कोणत्या राज्यात आहोत?' खानापूरकडचे एक रिटायर्ड मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "ते कोर्टात आहे."

"तसं न्हवं सर, उत्तर द्या."

"दिलं की. निकाल लागला की कळवतो."

त्या गावात सात जणांचा तोच एक मार्क गेला. मॅडम घाबरल्या, अख्ख्या गावालाच काही झालंय की काय. बसू कन्नड माणूस, पण हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. "मॅडम, हा रोग न्हाय, हट्ट आहे. इथं सगळ्यांचं असंच असतंय."

परत येताना मी बसूला आप्पांचं सांगितलं. आप्पा निपाणीकडच्या बोरगावच्या मराठी शाळेत मास्तर होते. जन्मभर स्वतःचा पत्ता देताना खाली 'महाराष्ट्र' लिहिलं. पोस्टमन बिचारा पिनकोड बघून आणून द्यायचा. स्टँडवरच्या फोननंतर मी दर महिन्याला घरीच त्यांची परीक्षा घेते. राज्य विचारलं की ठरलेलं उत्तर, "ते विचारू नकोस. मार्क काप." कधी तारीख चुकते, कधी एखादा शब्द सुटतो. पण तो एक मार्क गेला की मला बरं वाटतं. वाटतं, आप्पा अजून आप्पाच आहेत.

"एवढं मनाला लावून घेऊ नको आक्का," बसू म्हणाला. "तो मार्क कापत राहा म्हणजे झालं."

*

गेल्या रविवारी मॅडम आणि बसू आमच्या घरी चहाला आले. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आप्पांची टेस्ट आज मी घेते."

सकाळपासून आप्पा तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा घातलेला. मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलंही, "पोरी, नापास झालो तर मला कुठं नेऊन ठेवणार न्हाईस न्हवं?" मी म्हटलं, "आप्पा, काय बोलताय."

मॅडमसमोर बसले. वार बरोबर. तारीख बरोबर. सांगितलेले शब्द सगळे परत सांगितले. मी दारात उभी राहून बोटांवर मार्क मोजत होते. मग मॅडमनी विचारलं, "आपण कोणत्या राज्यात आहोत?"

बसूनं माझ्याकडं बघून डोळा मारला. मी आधीच हसायला लागले होते.

आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग मॅडमच्या हातातल्या पेनकडं.

"कर्नाटक," ते म्हणाले.

"तीसपैकी तीस," मॅडम म्हणाल्या. "काळजीचं काही कारण नाही."

बसूनं कप खाली ठेवला. आप्पा माझ्याकडं वळले.

"बरोबर आलं न्हवं गं, पोरी?"