नायचं नाही करणारा मनोज

मनोजइतका कष्टाळू आळशी उभ्या शहापूर तालुक्यात दुसरा नव्हता. तासाभराचं काम टाळण्यासाठी हा गडी दोन दिवस राबायचा. सापगावात त्याची आई हौसा येईल त्याला सांगायची, "पोरगा खुर्चीत बसून बटना दाबतो न् दमून येतो. कशानं दमतो तं देवालाच ठावं!"

तो दमायचा शहापुरात, नथूशेटच्या छपाईच्या दुकानात. दोन हजार सालचा सुमार. लोक लग्नपत्रिकेचा मजकूर चिठ्ठीवर आणायचे, आणि बोलतात तसाच लिहायचे: आमी, तुमी, नाय. नथूशेटला मात्र छापताना शुद्ध मराठी लागे. मनोज एकेक शब्द शोधून नीट करी आणि मनातल्या मनात रडे.

मग टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये त्याला मॅक्रो सापडला. म्हणजे काय, तर संगणकाला एकदाच लिहून सांगायचं: आमी दिसलं की आम्ही कर, तुमी दिसलं की तुम्ही कर, नाय दिसलं की नाही कर. पुढं कधीही एक बटण दाबायचं, की पापणी लवायच्या आत सगळा कागद सुशिक्षित! मनोजला स्वर्ग दोन बोटं उरला.

अशात त्याचं लग्न ठरलं, मुरबाडकडच्या सारिकाशी. तिला बघून आल्यापासून पठ्ठ्या चहा ढवळत बसे आणि प्यायचं विसरे. पण तिचे वडील, विनायकमामा, नाराज. "बसल्या जागी बटना दाबनाऱ्याला पोरगी द्यायची? अंगाला घाम नाय त्याच्या." सारिका हटून बसली, तेव्हा कुठं मामांनी कशीबशी मान हलवली.

पत्रिका मनोजनं स्वतः केली, अगदी जीव ओतून. भोवती वेलबुट्टी काढली, आणि शेवटी सवयीनं ते बटण दाबलं. छापलेला गठ्ठा मामांच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मामा गठ्ठ्यासकट दुकानात हजर! एक पत्रिका टेबलावर आपटून म्हणाले, "वाच माजा नाव."

"श्री. विना..." मनोजनं पत्रिका डोळ्यांजवळ धरली. श्री. विनाहीक! मशीननं विनायकमधलं नायसुद्धा इमानदारीनं नाही करून टाकलं होतं. परवाच त्यानं किराणावाल्याची जाहिरात केली होती, त्यात नायलॉनची दोरी होती. अरे देवा, नाहीलॉन!

"पोरीचा बाप, न् मीच नाय?" मामा कडाडले.

सारिका हातची चालली, दुसरं काही मनोजला सुचेना. "चूक माझी, मामा. पुन्हा छापून देतो."

"छापायचा नाय! बटन नाय! हातानं कर, समद्या. बगू तं दे, तुला कष्ट व्हतात का. नायतर लगीन मोडला समज."

मनोज बसला. ब्लेडनं 'ही' खरवडायचा, पेनानं 'य' काढायचा. मामा समोर बसून एकेक पत्रिका हातात देत होते. थोड्या वेळानं मामांनी जांभई दिली. मग मान खाजवली. मग म्हणाले, "नुसता देऊन देऊन हात दुखला रं. ह्याला काय युगत नाय?"

"बटण आहे, पण तुम्हीच..."

"बटन ऱ्हाऊ दे." मामांनी पायातली झिजकी रबरी स्लीपर काढली, टाचेचा तुकडा कापला आणि ब्लेडनं त्यावर 'य' कोरायला घेतला. ठोकून बघितला, तर य उलटा! मामांनी एक शिवी हासडून पुन्हा कोरायला घेतलं. तेवढ्यात मनोजनं गुपचूप मॅक्रोत अट घातली: नायच्या मागंपुढं मोकळी जागा असेल तरच हात लाव.

दुपार टळली, पण शिक्का झाला. शाईत बुडवला आणि ठक्! ठसठशीत 'य' उमटला, खालची 'ही' पार झाकली गेली. ठक्! ठक्! मामा हरखून गेले. एव्हाना हातानं लिहून काम कधीच उरकलं असतं, पण ते बोलायची कोणाची टाप!

पत्रिका संपल्यावर मामा एका पायानं अनवाणी उठले. मनोजनं भीत भीत विचारलं, "मामा, लग्नाचं?"

"लगीन तं व्हनारच, जावाय." मामा दारापर्यंत गेले, परत फिरले आणि हळूच म्हणाले, "पन ह्या शिक्क्याचा सारिकाच्या आयशीला सांगू नको. लगीन झाल्यापासनं ती मना आळशीच म्हनते."