दोन चमचे पाणी

माझ्या पोटात वर्षभर एक गोळा वाढत होता. पहिले काही महिने शेजारणी हसून विचारत, "कितवा महिना?" नऊ महिने उलटून गेले तशा त्या हसायच्या थांबल्या आणि कुजबुजायला लागल्या. शेवटी उमरखेडच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि आमच्या ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं की यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून हे काढावंच लागेल, उशीर केलात तर बाई हाती लागायची नाही. बाजूला म्हणजे पडद्याच्या पलीकडे. मी सगळं ऐकलं.

साल साठच्या आसपासचं. मी बावीस-तेवीस वर्षांची. आम्ही बौद्ध होऊन तीन-चार वर्षं झाली होती. घरातले जुने देव गेले होते, पण गाव आमच्याकडे बघायचं ते जुन्याच नजरेने. म्हणून माझी भीती चाकूची नव्हती, वेगळीच होती. गावात येणारा वैद्य आमची जीभ चार हातांवरून बघायचा आणि पुड्या वरून टाकायचा. इथे तर पोट उघडून आत हात घालायचा होता. माझ्या पोटात हात घालणार कोण? आणि घातलाच, तरी मन लावून घालेल का? माझा जीव ज्यांच्या हातात द्यायचा, त्या हातांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

ह्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "सरकारी दवाखाना हाय ना तो. सरकारले जात नसते."

"सरकारले नसन," मी म्हटलं, "सरकारच्या मानसाले असते ना!"

सरकी काढायच्या जिनात कापूस ओढणारा साधा माणूस. दुसऱ्या दिवशी एसटीत माझ्या पोटाला धक्का लागू नये म्हणून यवतमाळपर्यंत हात आडवा धरून बसले.

वॉर्डात मला कोपऱ्यातली नाही, मधली खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर पुसदच्या एका वकिलाची बायको होती, तिचंही पोटाचंच ऑपरेशन, माझ्याच दिवशी. तिच्या उशाशी तिची सासू पितळेचा तांब्या घेऊन ठाण मांडून बसलेली. आम्हा दोघींना एकच नर्सबाई. चाळिशीची, अंगाने जाड, चालताना बूट करकरायचे. तिने आल्या आल्या माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. परक्या बाईने इतका वेळ माझा हात धरल्याचं मला आठवत नव्हतं. मी मात्र मनात म्हटलं, पगार मिळतो म्हणून धरते, त्यात काय!

ऑपरेशनच्या सकाळी मला ढकलगाडीवर घालून थिएटरच्या दाराशी आणलं. दार अर्धवट उघडं होतं. आत मोठे डॉक्टर हात धूत होते. साबण लावला, ब्रशने नखं घासली, बोटांच्या बेचक्या घासल्या, कोपरापर्यंत घासलं, धुतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला वाटलं, संपलं असेल. तर तिसऱ्यांदा साबण! मग दोन्ही हात वर धरून ते उभे राहिले, जगातल्या कशालाही त्यांना आता शिवायचं नव्हतं. आम्हाला शिवल्यावर हात धुणारी माणसं मी जन्मापासून पाहत आले होते. आम्हाला शिवण्याआधी कोणी हात धुतलेले मी कधी पाहिले नव्हते. माझ्यामुळे त्यांना काही होऊ नये म्हणून नाही, त्यांच्यामुळे मला काही होऊ नये म्हणून! मी डोळे फाडून बघत राहिले. असं काही जगात असतं हेच मला माहीत नव्हतं. मग नाकावर जाळी आली, गोडसर उग्र वास आला, आणि आकडे मोजायला सांगितले त्यातला सहाच्या पुढचा मला आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. टांगलेल्या काचेच्या बाटलीतून थेंब थेंब माझ्या हातात उतरत होता. तोंडात जीभ लाकडासारखी झाली होती. मी पाणी मागितलं. नर्सबाईने ओला कापूस ओठांवर फिरवला आणि म्हणाली, "अजून पानी नाही बाई."

मी पुन्हा मागितलं. पुन्हा कापूस. तिसऱ्या वेळी मात्र माझा तोल सुटला. थिएटरच्या दारात जे पाहिलं होतं ते सगळं तहानेपुढे पुसून गेलं.

"काहून नाही?" मी ओरडले. "जात पाहून पानी देता काय? कापसानं लांबूनच पुसता! विहिरीवरच्या बाया अन् तुमी, एकाच माळेतल्या!" आणखी बरंच काही बोलले, ते आज लिहायला हात धजत नाही.

ती चिडली नाही. "पानी पोटात गेलं तं उलटी होईन, टाके तुटतीन," एवढंच म्हणाली आणि शेजारच्या खाटेकडे वळली. तिथे वकिलाची बायको रडकुंडीला येऊन म्हणत होती, "एक घोट तरी द्या हो." सासूने तांब्या पुढे केला. नर्सबाईने तो सरळ काढून घेतला, दाराबाहेर नेऊन ठेवला, आणि सुनेच्या ओठांवर तसाच ओला कापूस फिरवला. सासू काय काय बोलली, विचारू नका! मी मान वळवून बघत होते. माझी आणि त्या बाईची तहान तिथे एकाच मापाने मोजली जात होती. लाजेने मी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले, पोटाला हात लावून पाहिलं, म्हणाले, "कोहळ्याएवढा निघाला. आता काळजी नाही." त्यानंतर नर्सबाईने उकळून निववलेलं पाणी आणलं. मला दोन चमचे, शेजारी दोन चमचे. त्या पाण्याला काही चव नव्हती, तरी तसं पाणी मी पुन्हा प्यायले नाही.

टाके काढले त्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती खो खो हसली. "मले तं बरं वाटलं! आदल्या दिवसापासून तुमी नीट डोये उघडत नव्हत्या. शिव्या आयकल्या अन् शेजारचं उरकून मी पयत गेली डॉक्टरकडं, बाई वाचली म्हून सांगाले!"

मीही हसले, टाक्यांच्या जागी कळ आली. ती गेल्यावर मात्र मला रडू फुटलं. गावच्या विहिरीवर, कोणी वरून ओंजळीत पाणी घालील म्हणून मी तास तास उभी राहिले होते, आणि तिथे कधी अवाक्षर काढलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा पाण्यासाठी भांडले ती या बाईशी. कारण जन्मात पहिल्यांदाच समोरच्या माणसाची मला भीती वाटली नव्हती.