मत्स्यकन्येची ओटी

गड्यांनो, तालमीच्या फळ्यावरचा सुविचार पुसून आज हे लिहितोय. रागावू नका.

दुपारी आईला घेऊन गारगोटीच्या जत्रेत गेलतो. चार आण्याचं तिकीट काढून मत्स्यकन्येच्या तंबूत शिरलो. पत्र्याच्या हौदाच्या काठावर एक पोरगी बसवलेली, कमरेखाली माशाचं रंगवलेलं शेपूट. मालक कर्ण्यातून ओरडत होता, "मत्स्यावताराची लेक हाय, पावणं! हात जोडा!"

आईला ते खरंच वाटलं. तिनं खणानारळानं पोरीची ओटी भरली, कुंकू लावलं. तशी पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, सकाळपास्नं पाय बांधल्यात. जरा सोडा की."

"देवी बोलली!" आई ओरडली. अख्खा तंबू पाया पडला. बाहेरची रांग दुप्पट झाली.

मी त्या पोरीचा शब्द न् शब्द ऐकला होता. एस.टी.त आईला सांगितलं, तर म्हणाली, "येडा हाईस का? मत्स्यकन्येला पाय कुठनं आलं?"

उद्या पुन्हा तंबू उघडणार. तिला सोडवणार कोण, सांगा. मला विचारू नका. सगळं ऐकून मीही हात जोडूनच आलोय.