फळीवरचा नकाशा

लिहायला बसलो आहे खरा, पण हात अडखळतो. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं असतात त्यांनी लिहावं आणि आमच्यासारख्यांनी वाचावं, असंच मला आजवर वाटत आलं आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. माझं मराठीही अजून पुरतं वळणावर आलेलं नाही. मधेच गावाकडचा शब्द येतो आणि वर्गातली मुलं हसतात. तेव्हा या आगाऊपणाबद्दल आधीच माफी मागतो. लिहितो आहे ते एवढ्यासाठी की, 'तू कुठल्या शाळेत होतास?' असं कुणी विचारलं तर मला अजूनही एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

मी बैलगाडीत शिकलो. माझी धाकटी बहीणही तिथंच शिकली.

आमचे वडील पलटणीत होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. सरहद्दीवर गुडघ्याला गोळी लागली आणि ते पेन्शनीवर घरी आले. साताऱ्याकडे कृष्णेकाठी आमचं गाव. वाटणीला आलेली जमीन थोडकी, म्हणून त्यांनी ऊस पिळायचा एक जुना लोखंडी चरक विकत घेतला. ज्यांच्याकडे चरक नाही अशा शेतकऱ्यांच्या गुऱ्हाळावर तो न्यायचा, त्यांचा ऊस संपला की पुढच्या गावाला जायचं. दिवाळी झाली की आम्ही निघायचो ते नदीच्या काठाकाठानं कऱ्हाड, पलूस करत सांगलीपर्यंत, आणि शिमगा झाल्यावर परत. पुढच्या गाडीत चरक, ती माझे चुलते हाकायचे. मागच्या गाडीला कळकाच्या कमानी करून वर तट्ट्या बांधलेला, आणि आत आमचा संसार: चूल, घोंगडी, ज्वारीचं पोतं, आई, आबा आणि आम्ही दोघं.

अशा पोरांना शाळेनं धरून ठेवायचं तरी कसं? दोन वर्षं दिवाळीनंतर माझं नाव पटावरून कमी झालं. दुसऱ्या खेपेला मास्तर आबांना म्हणाले, "अहो, तुमचं पोर हजेरीत धरू का तुमचे बैल धरू?" आबांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. घरी येऊन आईला म्हणाले, "आता पोरांस्नी मीच शिकवनार."

"तुमी? तुमी तरी कवा शाळंत गेला हुता?"

"पलटनीत शिकलो न्हवं? तसंच शिकवीन."

"आवं, पोरं हायती ती. रंगरूट न्हाईत."

"तेच बरं हाय. रंगरूट लय झोपतो."

साताऱ्याच्या बाजारातून आबांनी मराठी पुस्तकं आणि दोन पाट्या आणल्या, आणि आमची शाळा सुरू झाली. सकाळी चरकाला बैल जुंपले की पाढे. बैल गोल फिरायचे, त्यांच्या मागं आम्ही. एका फेरीला पावकीची एक ओळ, मग निमकी, पाऊणकी. बैल थांबला की पाढा थांबायचा. अजूनही मला दिडकी बसून नीट म्हणता येत नाही; उठून दोन पावलं टाकली की येते. दुपारी कढईखाली जाळ लागला की शुद्धलेखन. पलटणीत आबा हिंदुस्थानी भाषा इंग्रजी अक्षरांतून शिकले होते, म्हणून ती अक्षरंही आम्हाला लवकर आली. पुढं सांगलीच्या इंग्रजी शाळेत मला त्याचा किती उपयोग झाला ते मीच जाणतो.

आईला अक्षर येत नव्हतं. पण रोज संध्याकाळी ती भाकरी थापत असताना धडा मोठ्यानं वाचून दाखवायचा, हा तिचा नियम. आदल्या वर्षीचा धडा पुन्हा आला आणि आम्ही कंटाळून चार ओळी गाळल्या, तर तिचा हात परातीत थांबायचा. "मागच्या टायमाला त्या म्हातारीनं दार उघडलं हुतं. आता कुनी उघडलं?" मग मागं जाऊन पुन्हा वाचावं लागे.

आमच्याकडे अमावस्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्या दिवशी चरक बंद, गाडी बंद. म्हणून अमावस्या ही आमची सहलीची तिथी. जिथं मुक्काम असेल तिथून पायी जायचं. सागरेश्वराची देवळं, मच्छिंद्रगड, हरिपूरला कृष्णा आणि वारणा भेटतात तो घाट, हे सगळं मी अमावस्येला पाहिलं आहे. आबा लंगडत पुढं आणि आम्ही मागं. हरिपुरात त्यांनी आम्हाला दोन्ही नद्यांचं पाणी ओंजळीत घेऊन बघायला लावलं. एक गढूळ होतं, एक जरा निवळ. "आता सांगा, कुठल्या नदीच्या वर पाऊस पडलाय?" एवढंच विचारून ते चणे खात बसले. उन्हाळ्यात गाडी कवठे महांकाळकडे, आईच्या माहेराला जायची. तिथं ऊस नव्हता, नदी नव्हती. तळाला गेलेल्या विहिरीवर बसून आम्ही मोसमी वाऱ्यांचा धडा वाचला आणि तो कायमचा समजला.

आता नकाशाचं सांगतो, कारण सगळं त्यावरच येऊन थांबतं.

आमच्या गाडीत एक रुंद फळी होती. रात्री तिच्यावर पाणी ठेवायचं, दिवसा तिच्यावर कोळशानं नकाशा काढायचा. नदी, गावं, ओढे, नाके. मुक्काम हलला की ओल्या फडक्यानं पुसायचा आणि पुढचा काढायचा. पण काढण्याआधी आबांची एक शिस्त होती, ती पलटणीतली. नकाशा आधी जमिनीवर आडवा ठेवायचा. मग सूर्य बघायचा, आणि नकाशातली उत्तर खऱ्या उत्तरेला येईपर्यंत तो फिरवायचा. त्याशिवाय नकाशावर बोट ठेवायचं नाही. गाडी वळली की आम्ही दोघं फळी धरून तीही वळवायचो. चुलते पुढून ओरडायचे, "काय रं, सांगली हाय का अजून जाग्यावर?"

बहीण यात माझ्यापेक्षा तरबेज. ती आठ-नऊ वर्षांची असताना, ते चळवळीच्या धामधुमीचे दिवस होते, एका नाक्यावर पोलिसानं गाडी अडवली. आत वाकून पाहतो तर फळीवर नकाशा, त्यात त्याचा नाकासुद्धा. तो आबांवर डोळे वटारू लागला. बहीण आतून म्हणाली, "थांबा हवालदार, अजून दिशेला लावला न्हाई." तिनं फळी फिरवली आणि नाक्यावर बोट ठेवलं. "ह्यो तुमी. ह्यो तुमचा लिंब. आन् त्यो तुमचा दुसरा पोलीस, लिंबाखाली निजलाय." पोलीस हसला आणि गाडी सोडली. दुसऱ्या पोलिसाचं पुढं काय झालं ते माहीत नाही.

मी मराठी सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा बाहेरून दिली. बसू देण्याआधी शाळेनं मला तपासलं, पण पाढ्यांवरच सोडून दिलं. पुढं सांगलीला इंग्रजी शाळा, मॅट्रिक, आणि आता विश्रामबागेजवळचं हे कॉलेज. माझ्यामागं गाडीत बहीण एकटी शिकत राहिली.

ती चौदा वर्षांची झाली आणि आत्यानं तिला आपल्या मुलासाठी मागितलं. भाचीवर आत्याचा हक्क, हे आमच्याकडे कुणी नाकारत नाही. मुलगा वाईट नव्हता. पण बहिणीला शिकून मास्तरीण व्हायचं होतं. आबा पेचात पडले. शेवटी त्यांनी आत्याला शब्द दिला, "पोर ह्या साली फायनलला बसंल. पास झाली तर शिकंल. न्हाई झाली तर वैशाखात तुजी."

आत्या म्हणाली, "गाडीत बसून कोन पास झालंय?"

"ह्यो न्हाई का झाला?" आबा माझ्याकडं बोट करून म्हणाले.

"त्यो बाप्या हाय," आत्या म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. बहिणीला शाळेत तपासायला न्यायचं होतं, म्हणून आबा, ती आणि मी असे तिघं तालुक्याच्या गावी गेलो. हेडमास्तर कडक पण सरळ माणूस. त्यांनी वाचन घेतलं, हिशेब घेतले, मान डोलावली. मग भिंतीवरच्या मोठ्या नकाशाकडे छडी केली. "कृष्णा कुठं उगम पावते आणि कुठून कुठं जाते, दाखव."

बहीण नकाशाकडे बघत राहिली. मग तिनं खिडकीतून उन्हाकडे बघितलं. मला पुढचं कळलं, पण मी काही बोलायच्या आत ती बाकावर चढली होती. तिनं नकाशा खिळ्यावरून काढला, खाली फरशीवर अंथरला, आणि चारी बाजूंनी फिरून तो वळवू लागली.

"अगं! अगं, काय करतेस हे?"

"दिशेला लावते, गुरुजी."

"तो लावलेलाच आहे! उत्तर वर आहे!"

"वर आभाळ हाय," बहीण म्हणाली. "उत्तर तिकडं, तुमच्या दाराकडं."

वर्गाच्या दारात जमलेली पोरं खदखदली. हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला. बहिणीनं मात्र फरशीवर बसून महाबळेश्वरावर बोट ठेवलं ते वाई, कऱ्हाड, सांगली करत पार समुद्रापर्यंत नेलं, एकही वळण न चुकता. नंतर नकाशा उचलून पुन्हा खिळ्याला लावला आणि वरची धूळ पदरानं पुसली.

हेडमास्तर आबांना बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगी हुशार आहे, यात वाद नाही. पण परीक्षेला नकाशा कागदावर येईल. तिथं ही कागद गरागरा फिरवत बसली आणि त्याच्यावर आडवीतिडवी नावं लिहिली, तर तपासणारा काय समजेल? मी सही करतो. पण तुम्ही तिला उत्तर वर धरायला शिकवा."

आबा म्हणाले, "शिकवतो जी."

परत येताना गाडी तालुक्याच्या गावाबाहेर पडली. मग आबांनी फळी उचलली आणि सुतळीनं कमानीला उभी टांगली. उत्तर वर. बहिणीला म्हणाले, "आता गाडी कुठंबी वळू दे, हिला हात लावायचा न्हाई."

"मग रस्ता कसा कळंल?"

"रस्ता बैलांस्नी कळतोय. तू परीक्षेचं बघ."

पण आबांनाच ते जमेना. चार दिवसांनी आईसह सगळे हंगामाला निघालो तेव्हा गाडी दक्षिणेला चाललेली, आणि टांगलेल्या फळीवर सांगली खाली. ते मान वाकडी करून बघायचे, मग डोकं हलवायचे. "असा नकाशा धरला असता तर अख्खी पलटन दरीत गेली असती," ते पुटपुटले. बहीण हसायला लागली. आई चुलीपासून म्हणाली, "बापाला शिकवा आता." आणि खरंच, सुट्टी संपून मी निघालो त्या सकाळी आबा आणि बहीण दोघं त्या उभ्या फळीसमोर बसले होते. चूक कोण करतो आणि कोण सांगतो, ते बाहेरून कळत नव्हतं.

त्या दृश्याबद्दल मला कुणाचे आभार मानावेत ते समजत नाही. आबांचे मानायला गेलो तर ते म्हणतील, चल, बैलांना पाणी दाव. म्हणून इथं लिहितो. ज्या शेतकऱ्यांनी आपल्या बांधावर आम्हाला मुक्काम करू दिला, काकवी दिली, पोरांचा धडा चालू आहे म्हणून गुऱ्हाळावरची गडबड थोडी कमी केली, त्यांचेही आभार इथंच. त्यांतल्या कित्येकांना मी कॉलेजात आलो हे माहीतही नसेल.

परीक्षा झाली. मग थांबणं सुरू झालं. आमच्या घरी पत्र लिहायची फारशी चाल नाही. निरोप गाडीवाल्यांबरोबर येतो, आणि गाडीवाला सांगलीच्या पेठेत गूळ विकून झाल्यावर मगच येतो. मी रोज संध्याकाळी विश्रामबागेच्या रस्त्याला जाऊन उभा राहायचो. चैत्र संपला. वैशाख लागला तशी लग्नाची वऱ्हाडं त्याच रस्त्यानं जाऊ लागली. प्रत्येक वऱ्हाडाच्या गाडीत मी बैल ओळखीचे आहेत का ते बघायचो.

शेवटी एका दुपारी होस्टेलच्या दाराशी चुलते येऊन बसले. खांद्यावर गुळाची लहान ढेप, धोतरावर धूळ.

"काका! काय झालं?"

"आदी पानी आन की रं. कालेजात पानी देत न्हाईत व्हय?"

मी तांब्या आणला. त्यांनी सावकाश पाणी पिऊन मिशा पुसल्या, खोलीतल्या पुस्तकांकडे बघितलं. "एवडी समदी वाचायची?"

"काका, सांगा की!"

"सांगतो गड्या, दम खा. तुजी आत्या लय रुसलीय. आमच्या घरचं पानी पीत न्हाई."

माझ्या तोंडाकडे बघून त्यांना हसू आवरेना.

"पास झाली तुजी भन! हेडमास्तर सोता घरी आलं हुतं सांगाया. पोरींच्या ट्रेनिंग कालेजाला अर्जबी त्यांनीच लिवून दिला." मग जरा थांबून, आठवून ते म्हणाले, "आन् हां, पोरीनं तुला खास सांगाया लावलंय. परीक्षेचा कागद तिनं एकदाबी फिरवला न्हाई म्हनं. सोताच फिरून बसली हुती, बाकावर, उत्तरंकडं तोंड करून."