दुरुस्तीआधीच घर बघून गेलेली बाई

आमच्या सोसायटीतली तरुण मंडळी हल्ली मला भेटली की विचारतात, "काकू, जुना फ्लॅट घेऊन, रिनोव्हेट करून विकायचाय. पहिली टिप काय द्याल?" याला आता 'फ्लिप करणं' म्हणतात म्हणे. आम्ही वाशीत हे करत होतो तेव्हा त्याला नावच नव्हतं. शेजारीपाजारी फक्त एवढंच म्हणायचे, की या बाईला दुसऱ्यांच्या घरांची फार हौस!

टिपा माझ्याकडे पुष्कळ आहेत. घर बघायला भर दुपारी जा, ऊन कुठून येतं ते कळतं. वरच्या मजल्यावरच्यांना नळ सोडायला सांगा आणि खाली छताकडे बघत उभे राहा. रंगावर खर्च करण्याआधी संडासाच्या पाइपावर करा. पण पहिली टिप विचाराल, तर तिच्यामागे एक प्रकार आहे, आणि तो सांगितला की लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. म्हणून आज एकदाचा लिहूनच काढते.

आधीच सांगते — माझ्या घरी लिंबू-मिरचीसुद्धा कधी टांगलेली नाही. घरांच्या नादाला लागण्याआधी मी फोर्टात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर होते. दिवसभर नकाशे गिरवायचे, त्यामुळे जे कागदावर मापात बसत नाही ते माझ्या डोक्यातही बसत नाही. आमचे हे तळोज्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला. त्यांचा विश्वास फक्त पान्यावर.

गोष्ट ऐंशीनंतरची, पहिल्या दोन-तीन वर्षांतली. वाशीला तेव्हा रेल्वे नव्हती. खाडीपुलावरून बस यायची, आणि उतरल्यावर सेक्टरच्या पाट्या वाचत घर शोधायचं. सगळ्या इमारती एकसारख्या, झाडं गुडघ्याएवढी, वारा सुटला की खाडीचा खारट वास थेट स्वयंपाकघरात. खूप जणांनी घरं घेऊन नुसती कुलूपं लावून ठेवली होती — इतक्या लांब कोण राहायला जाणार? ती कुलूपबंद घरं बघून माझे हात शिवशिवायला लागले. आर्किटेक्टचं ऑफिस बंद पडलं होतं, फंडाचे पैसे हातात होते. एक घर घेतलं, नीट केलं, विकलं. जमलं! मग दुसरं घेतलं. हा अनुभव त्या दुसऱ्या घरातला.

तळमजल्यावरचं घर. एक हॉल, एक खोली, आणि हॉलला लागून अंधारं स्वयंपाकघर. वर एका शाळामास्तरांचं कुटुंब राहायचं, दोन मुलींसकट चार माणसं. माझा बेत ठरलेला होता. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडायची, म्हणजे सगळं कसं मोकळं, उजेडी दिसेल. गिऱ्हाईक दारातच गार होईल!

गवंडी होते घणसोलीचे धर्मादादा. रोज सायकलवरून यायचे, कामात एकदम पक्के आणि बोलायला त्याहून. दसऱ्यानंतरच्या सोमवारी काम सुरू केलं. पहिल्या दिवशी जुनी फरशी उखडली, मोरीचा ओटा फोडला. सकाळचे अकरा वाजले असतील, स्वच्छ ऊन पडलेलं, सगळीकडे धुरळा... आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची, सावळी, आकाशी साडी, खांद्याला ऑफिसची पर्स. आत बघितलं आणि तिचा चेहराच पडला.

"अहो ताई, हे काय केलंत? तोडून टाकलंत सगळं?"

मला वाटलं घर चुकली. म्हटलं, "कोण हवंय तुम्हाला?"

"असं काय करता? मी सुलभा. गेल्या रविवारी सासूबाईंना घेऊन आले होते ना! इतकं छान केलं होतंत. हिरव्या लाद्या होत्या इथे..." ती चप्पल काढून सरळ आत आली. "आणि ही भिंत, हिच्यात मधोमध कोनाडा होता. मी म्हटलं नव्हतं का, की यात टेलिफोन छान बसेल? सासूबाईंनी विचारलं, पाटा-वरवंटा कुठे ठेवायचा, तर तुम्ही हसून सांगितलंत, जिथे त्यांचा गुडघा सुखानं दुमडेल तिथे."

मी धर्मादादांकडे बघितलं. ते हातातलं घमेलं तसंच धरून उभे.

"बाई, तुमचं घर चुकलंय," मी म्हटलं. "आम्हाला चावी मिळून चार दिवस झालेत. कालपर्यंत इथे कबुतरं होती."

"पण तुम्हीच होतात! आंब्याच्या रंगाची साडी होती तुमची. डाव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. गवती चहा घालून चहा दिलात..." तिचे डोळे पाण्यानं भरले. "आम्ही घ्यायचं ठरवलं होतं हो हे घर."

माझ्याकडे आंब्याच्या रंगाची साडी नव्हती. दोन्ही हातांची दहाही बोटं धडधाकट होती. मी तिला पाणी प्यायला दिलं, ती प्यायली, पुन्हा एकदा भिंतीकडे बघितलं आणि बसस्टॉपच्या दिशेनं निघून गेली.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "सगळ्या इमारती सारख्या. दुसऱ्या कुणाचं घर बघून आली असेल." पटलं. विषय संपला.

पुढच्याच आठवड्यात लाद्या आणायला गेले. मला पांढऱ्या हव्या होत्या. दुकानदार म्हणाला, पांढरा माल यायला महिना लागेल. तयार आहेत त्या फक्त हिरव्या, आणि भावात कमी करून देतो. कमी भाव म्हटल्यावर मी दुसरा विचार कशाला करते? टेम्पोतून पेट्या उतरवताना धर्मादादांनी एक फोडली आणि आत बघितलं. मग हळूच म्हणाले, "वैनी... त्या बाईनी हिरव्याच सांगितल्या व्हत्या ना?"

"योगायोग हो, दादा. वाशीतल्या अर्ध्या मोऱ्या हिरव्या आहेत."

मग भिंत पाडायचा दिवस आला. मी खडूनं खूण करून दिली आणि म्हटलं, घाला घण. धर्मादादांनी घण उचलला, खांद्यापर्यंत नेला, आणि खाली ठेवला.

"माजा हात नाय उचलत, वैनी. ती बाई बोलली, ही भीत हाय म्हनून."

"अहो, ती बाई काय इंजिनिअर आहे का? मी नकाशा बघितलाय. वर बीम आहे, छताचा भार त्याच्यावर."

"मंग बगू या ना. नुसता एक भोक पारतो मधी. बीम दिसला का सगली भीत आरवी करतो, माजा शबुद."

मला राग आला होता. एक दिवस वाया म्हणजे त्यांची मजुरी अंगावर, शिवाय सरकारी परमिटवर मिळालेलं सिमेंट दमट हवेत दगड व्हायला टपलेलं. पण खरं सांगू? त्या हिरव्या लाद्या दारात रचलेल्या दिसत होत्या. म्हटलं, पाडा भोक.

त्यांनी भिंतीत मधोमध हातभर रुंद चौकोन पोखरला, मग छताजवळचा गिलावा खरवडला. बीम नव्हता. कुठेच नव्हता. वरचा स्लॅब सरळ त्या विटांवर टेकलेला होता. रविवारी यांच्या कारखान्यातले एक सिव्हिल इंजिनिअर आले. त्यांनी टॉर्च मारला, टिचक्या मारून बघितलं आणि मला शांतपणे विचारलं, "वहिनी, हा नकाशा कुठल्या इमारतीचा?"

मी कागद पुढे केला. नकाशा शेजारच्या इमारतीचा, दुसऱ्या टाइपचा होता. बाहेरून दोन्ही इमारती जुळ्या, आतून वेगळ्या. मी, नकाशे गिरवण्यात सहा वर्षं घालवलेली बाई, वरचा टाइप नंबर न वाचता घण घालायला निघाले होते.

"ही भिंत काढली असती," ते म्हणाले, "तर वरचे मास्तर सहकुटुंब तुमच्या हॉलमध्ये आले असते."

तेवढ्यात वरून त्या दोन मुलींच्या दोरीच्या उड्यांचा धप् धप् आवाज येत होता. मी तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसले. धर्मादादांनी मला पाणी आणून दिलं. आदल्या दिवशी मी त्यांच्यावर चिडले होते, त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मना नका बोलू. त्या बाईला बोला."

भोक बुजवायला ते तयार होईनात. त्याच्या कडा घासून, गुळगुळीत गिलावा करून त्यांनी त्याचा कोनाडा करून टाकला. कोनाडा!

त्यानंतर मात्र मी घाबरण्याऐवजी इरेला पेटले. म्हटलं, बघू या आता. दिवाळीत भाऊ सांगलीहून आला, त्यानं ओवाळणीत साडी घातली. घडी उलगडली तर पिकलेल्या हापूसचा रंग. हे जोरात हसले. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं, घर दाखवायच्या दिवशी ही साडी नेसायचीच नाही. निळी नेसेन! आणि चाकू-सुरी काही हातात धरणार नाही.

घर तयार झालं. चकचकीत. वर्तमानपत्रात दोन ओळींची जाहिरात दिली, रविवारी सकाळी या म्हणून. शनिवारी खिडकीच्या काचेवर उडालेला रंग ब्लेडनं खरवडत होते. सुरी नव्हती, ब्लेड होतं. डाव्या हाताचं बोट कापलं. रविवारी सकाळी निळी साडी नेसून घरात पाय टाकला आणि दारातल्या डिस्टेंपरच्या बादलीला पदर लागला... पांढराफटक. धावत घरी गेले, इस्त्रीची अशी एकच साडी होती. कुठली ते सांगत नाही.

वरच्या मास्तरांच्या बायकोनं कौतुकानं गवती चहाची पात आणून दिली. मी ती हातात घेऊन उभी, आणि दारात सुलभा. तोच चेहरा, तीच पर्स. सोबत नऊवारीतल्या, सावकाश चालणाऱ्या सासूबाई.

"नमस्कार," ती म्हणाली. "जाहिरात वाचून आलोय. घर इथलंच ना?"

मी म्हटलं, "अहो, तुम्ही आधी येऊन गेलात ना? महिन्यापूर्वी?"

ती गोंधळली. "मी? नाही हो. मी वाशीत आजच पहिल्यांदा येतेय. सासूबाईंना विचारा."

"पहिल्यांदाच हो," सासूबाई म्हणाल्या. "पूल बघूनच माझा जीव दडपला. केवढं ते पाणी!"

धर्मादादा बाहेर ग्रिल रंगवत होते. त्यांनी तिला बघितलं आणि ब्रश सरळ डब्यात बुडाला, दांड्यासकट.

सुलभा घरभर फिरली. हिरव्या लाद्यांवरून पाय फिरवला. भिंतीपाशी थांबली, कोनाड्यात हात घातला. "यात टेलिफोन छान बसेल नाही? मी टेलिफोन खात्यातच आहे, नंबर लागेल लवकर."

मी गवती चहा घातलेल्या चहाचे कप त्यांच्यापुढे ठेवले. आता एकच उरलं होतं. मी सासूबाईंकडे बघत राहिले. त्यांनी स्वयंपाकघर नीट न्याहाळलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं,

"सगळं झकास आहे. पण मला सांगा, पाटा-वरवंटा कुठे ठेवायचा?"

आणि मी काय बोलायचं ते मला ठाऊकच होतं. म्हणाले, "जिथे तुमचा गुडघा सुखानं दुमडेल तिथे." त्या इतक्या खुदकन हसल्या, की सुलभानं तिथल्या तिथे घर पक्कं केलं.

तिला जुळी बहीण नाही. बहीणच नाही, तीन भाऊ आहेत. त्या सोमवारी ती ड्यूटीवर होती, हजेरीला सही आहे. भ्रम म्हणावा तर धर्मादादांनी आणि मी दोघांनीही तिला बघितलं, ती आमच्या पेल्यातून पाणी प्यायली. आणि भविष्य सांगणारी म्हणावी तर तिनं भविष्य सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी ते सगळं होऊन गेलेलं होतं! यांनी यावर बराच विचार केला आणि शेवटी म्हणाले, "याला पाना लागत नाही." एवढी कबुली त्यांच्याकडून मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली. मलाही आजपर्यंत उलगडा झालेला नाही, आणि आता या वयात होईल असं वाटत नाही. त्यानंतर मी अकरा घरं केली, एकातही काही घडलं नाही. तेव्हा मंडळी, पहिली टिप: नकाशावरचा टाइप नंबर वाचा, आणि जिच्यावर छत टेकलंय ती भिंत कुणी कितीही मोकळ्या हॉलचं आमिष दाखवलं तरी पाडू नका. आणि गवंड्याचा हात उचलत नसेल तर त्याला का ते विचारा.

सुलभाला मी ही हकिकत बरीच वर्षं सांगितलीच नाही. राहायला येणाऱ्या माणसाला कशाला उगाच? पुढे आमची मैत्री झाली, एकेरीवर आलो, आणि एकदा तिच्याच स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता मी सगळं सांगून टाकलं. ती आधी पोट धरधरून हसली. मला म्हणाली, ताई, तू काहीही सांगतेस. मग तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. वरच्या मजल्यावर मास्तरांच्या थोरलीचं लग्न ठरलेलं, पाहुण्यांची ये-जा चालू होती. पावलं वाजत होती. ती वर बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "मी तर तेव्हा आले नव्हते. मग माझं ते येणं... अजून व्हायचं राहिलंय की काय?"

मी आणखी एक शेंग सोलली.

"राहिलं असेल तर जाशील कधीतरी," मी म्हटलं. "फक्त गेलीस की भिंतीचं तेवढं नक्की बोल."

"बोलेन," ती म्हणाली. आणि हसली नाही.